वारा नसलेलं वाद्य

१

रुखसारच्या सकाळी एकसारख्याच असत. फजरची नमाज, आल्याचा चहा, आणि वरच्या मजल्यावरच्या पोरी नळावर भांडायला उठायच्या आत टेपरेकॉर्डर आणि स्वरमंडळ. लातुरात तेव्हा घर तिथं खोली आणि खोली तिथं बारावीची पोर असा जमाना आला होता. भूकंपानंतर वर्ष-वर्ष पत्र्याच्या शेडात झोपलेल्या माणसांनी सगळं विसरून घरावर घर चढवलं होतं आणि क्लासच्या पोरांना भाड्यानं दिलं होतं. रुखसारच्याही वर दोन खोल्या होत्या, खाली ती एकटी. शाळेत संगीत शिकवायची, घरी तारा जुळवायची, आणि चाचणी परीक्षेच्या दिवसांत पोरी 'मॅडम, जरा हळू' म्हणाल्या की निमूट थांबायची. संगीत आणि फिजिक्स यांच्या भांडणात लातुरात कोण जिंकणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

स्वरमंडळाला तसं कुणी वाद्य म्हणून मोजत नाही. गवई ते मांडीवर घेतो, गाता गाता तारांवरून नख फिरवतो, आणि टाळ्या पडतात त्या गाण्याला. त्यावर एकट्यानं पेटीचे तुकडे वाजवायचे म्हणजे शेळीला नांगराला जुंपण्यातला प्रकार. या दिवाळीपासून रुखसार नेमकं तेच करत होती. कॅसेट लावायची, थोडं ऐकायचं, थांबवायची, मागं फिरवायची, मग तो सूर तारांत शोधायचा. पेटीचं बरं असतं. पट्टी दाबून धरली की भात्यात हवा असेपर्यंत सूर जागचा हलत नाही. तार छेडली की सूर लगेच उतरणीला लागतो. म्हणून कॅसेटवर पेटी वाजवणारे गुरुबसप्पा मास्तर जिथं एका सुरावर ठाण मांडून बसले होते, तिथं तिला शेजारच्या तीन-चार तारांची कुमक पाठवावी लागे.

एक गोष्ट मात्र तिनं सरळ सोडून दिली होती. कॅसेटवर प्रत्येक तुकड्याच्या आधी सूर येत नसे, भाता येत असे. हुस्स करून आत घेतलेली हवा, आणि तिच्या शेवटी एक बारीक शीळ. मास्तरांच्या भात्याचं कातडं एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि रुखसारच्या अब्बांनी त्याला ठिगळ लावलं होतं. ठिगळातून हवा निसटायची ती शीळ. तारेच्या वाद्यात हवा कुठली? तेव्हा तेवढं एक काम कमी झालं असं म्हणून ती पुढं जात होती.

२

गुरुबसप्पा मास्तर किल्लारीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. शाळेत ते कधी मास्तर नव्हते, पण पेटी वाजवणाऱ्याला गाव मास्तरच म्हणतं. गंजगोलाईमागच्या गल्लीत रुखसारच्या अब्बांचं, म्हणजे अजीजमियांचं, पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी मास्तर तिथं येऊन बसत. दुरुस्ती हे निमित्त. खरं काम म्हणजे आठवड्यात सुचलेला तुकडा अजीजला ऐकवणं. त्यांचे तुकडे अगदी छोटे, पान तोंडात घातल्यापासून रंगेपर्यंत संपणारे. नावंही तशीच: 'बैलांचं पाणी', 'बशीतला चहा', 'चुकलेली एसटी'. मोठ्या मैफलीत असल्या नावांना कुणी बसू दिलं नसतं, आणि मास्तरांनाही मोठ्या मैफलीत बसायचं नव्हतं.

दुकानाच्या पायरीवर बसून ऐकणाऱ्या लहानग्या रुखसारला पेटीवर पहिलं बोट त्यांनीच ठेवायला लावलं. तिच्या चुलत्यांनी कुरकुर केली तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "माझी पेटी नीट झाली का न्हाई, हे मी हिला इचारतो. अजीजला इचारत न्हाई." चुलते पुन्हा बोलले नाहीत. आज आपण दोन घास स्वतःच्या हिमतीवर खातो ते त्या एका वाक्यामुळं, असं रुखसार मानायची, आणि मनातल्या मनात मास्तरांना रोज एक सलाम करायची.

मास्तर भूकंपात गेले. पुढं अब्बाही गेले. राहिली ती अब्बांनी दुकानात सहज भरून ठेवलेली एक कॅसेट.

दिवाळीनंतर मास्तरांचा मुलगा भुजंग तिच्या दारात उभा राहिला. रांगडा, बोलायला अवघडलेला माणूस. त्याची आई गुरम्मा घरात येत नव्हती. भूकंप झाल्यापासून एक रात्रही ती छताखाली झोपली नव्हती. सरकारनं नव्या जागी घर बांधून दिलं, पण थंडी असो की पाऊस, म्हातारीची बाज अंगणात. मागच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. आणखी एक थंडी बाहेर काढली तर आशा सोडा, असं डॉक्टरनं भुजंगला स्पष्ट सांगितलं होतं. त्यानं आपल्या परीनं शक्कलही लढवली. मुरुडहून एक पेटीवाला आणून घरात बसवला, म्हटलं बापाचे तुकडे ऐकून तरी आई आत येईल. पेटीवाल्यानं भाता उघडला मात्र, सूर लागायच्या आत म्हातारी अंगणातून उठून शेताकडं पळत सुटली.

"मग रातच्याला तीच म्हणली," भुजंग म्हणाला, "अजीजमियांच्या पोरीकडं एक तारांचं हाय. त्यात वारा न्हाई. त्येच्यावर ह्यांचं वाजवून दाखव म्हणावं, मग बघते आत यायचं. ताई, अव्वाला एवढं आत आणा."

रुखसारनं लगेच हो म्हटलं. मास्तरांसाठी काही करायची संधी मिळाली याचाच तिला इतका आनंद झाला, की काम कठीण आहे हे तिच्या लक्षात यायला आठवडा जावा लागला.

३

'बैलांचं पाणी' आधी बसलं. एका शुक्रवारी तिनं टेपरेकॉर्डरची वायर काढून ठेवली, स्वरमंडळ मांडीवर घेतलं, आणि पहिल्या तारेवर बोट नेलं.

हुस्स. आणि शेवटी बारीक शीळ.

तिचं बोट हवेतच राहिलं. मग तिला हसू आलं. समोर सायकलचं दुकान होतं, तिथं दिवसभर पंप चालायचा. तिनं तुकडा वाजवला, छान वाजला, बैल पाण्यावर आले आणि मान हलवत गेले. दूध घ्यायला बाहेर आली तेव्हा तिनं पाहिलं, तर सायकलच्या दुकानाला कुलूप. शुक्रवारी ते बंदच असायचं, आणि हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

बरं, सायकल नसेल तर स्टोव्ह असेल. वरच्या पोरी चोरून रॉकेलचा स्टोव्ह पेटवतात. स्टोव्ह नसेल तर कानच असेल. महिनाभर एकच कॅसेट मागं-पुढं फिरवली तर कानात बसणारच, गिरणीतून घरी आलेल्या माणसाला गिरणी ऐकू येते तशी. ती शहाणी बाई होती. शहाण्या बाईसारखी कानाच्या डॉक्टरकडंही जाऊन आली. डॉक्टर म्हणाला, मॅडम, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. ही काही तिच्या दृष्टीनं समाधानाची बातमी नव्हती.

४

'बशीतला चहा' बसला. 'चुकलेली एसटी' बसली. आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा श्वास मिळाला.

आता तो पहिल्यासारखा लांबून येत नव्हता, खोलीतच होता. पहिल्या सुराच्या बरोबर आधी, जिथं मास्तरांनी भाता ओढला असता तिथंच. रुखसारनं त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. नुसतंच स्वरमंडळ घेऊन बसली, तारा पुसल्या, खुंट्या पिळल्या. काही नाही. वाजवायचं नाटक केलं, बोट तारेपर्यंत नेलं आणि मागं घेतलं. तरी काही नाही. मग खरंच वाजवायचं मनात आणलं, आणि बोट उचलायच्या आत हुस्स झालं. ते जे काही होतं त्याला नाटक कळत होतं. तारांपेक्षा तिच्या मनावर त्याचा डोळा होता. हे कळलं तेव्हा तिनं दिवसाढवळ्या, खिडकीतून ऊन येत असताना, स्वरमंडळ मांडीवरून खाली ठेवलं.

तरीही बुद्धी हार मानेना. आपण एकट्या राहतो, मास्तरांची आठवण काढतो, चाळिशी उलटली आहे. मन कुठंतरी वाट काढणारच. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही ना, झालं तर मग.

त्याच आठवड्यात वरची तनुजा जिन्यात भेटली. कंधारची पोर, डॉक्टर व्हायला आलेली, आणि आतापासूनच सगळ्यांची दुखणी हेरण्याची सवय. तिनं पुस्तक छातीशी धरून विचारलं, "मॅडम, खाली कुणाला दमा हाय का?"

रुखसारनं का म्हणून विचारलं.

"रोज सकाळी कोणीतरी श्वास घेऊन राहिलंय. मी फरशीला कान लावून बघितलं. आत घेतानाच ऐकू येतो. बाहेर सोडतच न्हाई माणूस." तनुजा जरा घुटमळली. "असं करणं बरं न्हाई मॅडम. त्यांना इनहेलर तरी द्या."

पाहुणे आले आहेत, औषध चालू आहे, असं काहीतरी रुखसारनं सांगितलं. खाली येऊन तिनं कॅसेट पुन्हा ऐकली. पोरीचं बरोबर होतं. कॅसेटवर भाता आत यायचा आणि बाहेरही जायचा, सुरांमधून. खोलीतला भाता फक्त आत येत होता. इतके दिवस इतका वारा आत जात होता, तो कुठं साठत होता?

५

डिसेंबर लागला आणि थंडी पडायला लागली, तशी ती जीपनं गुरम्माकडं गेली. झालेले तुकडे ऐकवून बघावेत, जमलं तर म्हातारीला आजच आत न्यावं, असा विचार होता.

नव्या गावाचे रस्ते रुंद आणि घरं एका मापाची होती. बरीच मंडळी घराला लागून पत्र्याची शेड घालून राहत होती, आणि घरात ठेवलं होतं धान्य. गुरम्माला तर पत्राही नको होता. लिंबाखाली बाज, तीवर वाकळ, आणि त्या वाकळीत ती, खोकून खोकून चिपाडासारखी झालेली. रुखसारला पाहून तिनं दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून बोटं मोडली.

रुखसार घरात बसली आणि दारातून आवाज जाईल असं वाजवलं. वाजवताना तिचा जीव मुठीत होता, पण तिथं श्वास आला नाही. 'चुकलेली एसटी'ला म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. आमचे मालक खरंच तीनदा एसटी चुकले होते, म्हणाली. तिचे डोळे भरून आले. तिनं रुखसारला तोंडभरून आशीर्वाद दिले, भुजंगला गूळ आणायला लावला. आत मात्र आली नाही.

भुजंग गूळ शोधत होता तेवढ्यात तिनं रुखसारला बाजेवर ओढून बसवलं.

"पेटीचं काय झालं, त्ये भुजंगाला ठाव न्हाई," ती म्हणाली. "गणपती बोळवून भजनातनं आले, दमले हुते. पेटी उशाशीच ठिवली आन् झोपले. मग सगळं आलं अंगावर. तुळई आडवी पडली म्हणून मी राहिले. आंधारात काय दिसत न्हवतं. ह्यांचा डावा हात भात्यावर, आन् भाता माझ्या खांद्याला लागून. पट्ट्या फुटलेल्या, सूर निघंना. नुसता भाता मारत हुते, कुणी तरी ऐकावं म्हणून. त्यो हात माझ्या खांद्याला घासायचा, मागं-पुढं, मागं-पुढं."

रुखसारनं तिचा हात धरला.

"फटीतनं उजेड आला तवा हात गार पडला, यव्वा. लाकडावानी गार. मला कळलं." गुरम्मानं आवाज आणखी खाली आणला. "आन् त्यो दुपारपतुर मागं-पुढं हुत राहिला. त्यो भाता ऐकूनच लष्कराच्या पोरांनी तिथं खणलं, मला काढलं. ज्येनं वाचीवलं त्येचंच भ्या वाटतंय. ह्ये मी कुणाला सांगू? छताखाली गेलं की खांद्याला लागतंय."

गूळ आला. रुखसारनं खाल्ला, पण गोड लागला नाही. निघताना म्हातारीनं विचारलं, 'दम' बसलं का. ते अजून राहिलंय, असं रुखसार म्हणाली.

"त्ये त्यांनी माझ्यावर केलेलं," गुरम्मा म्हणाली. "त्ये वाजीव. मग येते आत."

६

'दम' हा कॅसेटवरचा शेवटचा तुकडा. त्याच्या मधोमध एक खड्डा होता. सूर अर्ध्यावर सोडून मास्तर नुसताच भाता ओढत राहतात, पट्टी दाबतच नाहीत. कॅसेटवर अब्बांचं हसणं ऐकू येतं, मास्तर, विसरलात का? आणि मास्तर म्हणतात, विसरलो न्हाई, हितं दम घ्यायचा. आणि मग उरलेला तुकडा वाजतो, इतका हळवा की अब्बाही पुढं बोलत नाहीत.

रुखसारनं तो खड्डा तारांनी बुजवला. वारा नसलेलं वाद्य म्हातारीनं मागितलं होतं, तेव्हा वाऱ्याची जागा ठेवायचीच कशाला? खालच्या तारांवरून नख फिरवलं, वर दोन सूर सोडले, ऐकायला गोड झालं. पण पुढचा भाग लागेना. जिथं काळीज हलायला हवं तिथं नुसत्या तारा हलत होत्या. पुन्हा बुजवला, वेगळ्या सुरांनी. पुन्हा तेच. शेवटी एका दुपारी वीज गेलेली, पोरी क्लासला गेलेल्या, घर सामसूम, तेव्हा तिनं मास्तरांनी केलं होतं तसंच करून बघितलं. अर्धा तुकडा वाजवला आणि दोन्ही तळवे तारांवर सपाट ठेवले. तारा गप्प झाल्या.

श्वास आला. पण या वेळी तिला तो ऐकू येण्याआधी हाताला कळला. तळव्यांखाली स्वरमंडळाचं लाकूड वर आलं आणि खाली गेलं. गाभण गाईच्या पोटावर हात ठेवावा तसं. शिसवाचं, पन्नास वर्षांचं वाळलेलं लाकूड. पुन्हा वर आलं. आणि उजवीकडून, तिच्या दंडाला, काहीतरी घासलं. मागं आणि पुढं. गार होतं.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. रस्त्यावर रिक्षा जात होत्या, क्लास सुटून पोरांचे थवे येत होते, कुणी वडापाव खात होतं, आणि या सगळ्यासमोर ती घराकडं पाठ करून बसली होती. स्वरमंडळ विकून टाकावं, भुजंगला नाही म्हणून कळवावं, इथपर्यंत विचार आला. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून तिनं त्यांच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. भुजंगला बोलावून आणायला वेळ लागला. तो येऊन म्हणाला, ताई, अव्वाला दोन दिवस ताप हाय. बाज उचलून आत न्यायला लागलो तर चावली मला. तुमची वाट बघतीय.

नाही म्हणायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं. आपल्याला भीती वाटते ती दंडाला लागलेल्या एका हाताची. म्हातारी तो हात खांद्यावर घेऊन इतकी वर्षं थंडीत पडली आहे. आणि तो हात कुणाचा आहे? ज्यानं आपलं पहिलं बोट पट्टीवर ठेवलं त्याचा. असं तिनं स्वतःला सांगितलं. भीती कमी झाली नाही, पण पाय हलले.

प्रश्न आता एकच उरला होता. खड्डा बुजवला तर 'दम' मास्तरांचं राहणार नाही, आणि म्हातारीला ते तिथंच कळेल. खड्डा ठेवला तर, मागच्या खेपेला त्या घरात आला नव्हता तरी, तिथं श्वास येईल, आणि म्हातारी ताप अंगात घेऊन शेतात पळेल. पुन्हा ती आत येण्याचं नाव घेणार नाही.

७

दिवेलागणीला ती पोचली. भुजंगनं आतली खोली सारवल्यासारखी लख्ख केली होती आणि भिंतीशी एक गादी अंथरली होती, आईसाठी. रुखसार तिच्या शेजारी सतरंजीवर बसली. गुरम्माला दोघांनी धरून ओट्यापर्यंत आणलं. ती चौकटीला टेकून, वाकळ गुंडाळून, उंबऱ्याच्या बाहेर बसली. तापानं तिचे डोळे चकाकत होते. भुजंग अंगणात उभा राहिला.

रुखसारनं मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि 'दम' सुरू केलं. पहिला अर्धा भाग सरळ होता, जात्यावरच्या ओवीसारखा. म्हातारीची मान हलू लागली. खड्डा जवळ येत होता. तारांनी बुजवायची तयारी बोटांत होती, आणि बोटं तिकडंच वळत होती. शेवटच्या सुरावर तिनं ती वळू दिली नाहीत. दोन्ही तळवे तारांवर ठेवले.

खोली गप्प झाली. मग गादीच्या बाजूनं हुस्स झालं, आणि शेवटी बारीक शीळ.

ओट्यावर वाकळ सरकल्याचा आवाज आला. रुखसारनं मान वर केली नाही. तिची नजर स्वरमंडळावर होती आणि स्वरमंडळाच्या पलीकडं, गादीच्या काठावर, एक डावा हात होता. कोपरापर्यंत पांढऱ्या मातीनं माखलेला, नखांत माती. बोटं कशाला तरी धरल्यासारखी वळलेली, आणि हात मागं जात होता, पुढं येत होता, मागं जात होता. घाई नव्हती त्याला. दमलेल्या माणसाचं, पण थांबायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचं काम होतं ते. कोपराच्या वर बघायचं धाडस तिला झालं नाही. तिनं फक्त गुरम्माकडं बघितलं.

गुरम्मा पळाली नव्हती. चौकट धरून ती उभी राहिली होती. आणि ती हाताकडं बघत नव्हती. तिची नजर बरीच वर होती, बसलेल्या माणसाचं तोंड जिथं असतं तिथं.

"अहो," ती म्हणाली. "निघाले मी. मला काढलं त्यांनी."

हात पुढं आला, मागं गेला.

"दुपारी काढलं. तुमचा भाता ऐकूनच काढलं. भुजंग चांगला हाय, दोन लेकरं हायती त्याला." तिचा आवाज फाटत होता, पण ती थांबली नाही. "तवा खाली, आंधारात, तुम्ही मला हाक मारली. दोनदा मारली. मी ऐकली, पर तोंडात माती हुती. ओ देता आली न्हाई. तुमाला वाटलं, मी अजून खालीच हाय. व्हय ना?"

भाता आत ओढला जात होता. शीळ वाजली.

"ओ," गुरम्मा म्हणाली. नव्या नवरीसारखी, खालच्या आवाजात. मग नीट ऐकू जाईल असं, "ओ, आले. लई उपकार झाले तुमचे. सोडा आता हात."

हात मध्येच थांबला. वळलेली बोटं एकेक करून उघडली. आणि मग इतक्या दिवसांचा, इतक्या वर्षांचा आत घेतलेला वारा बाहेर पडायला लागला. तो थंड नव्हता. त्याला मातीचा आणि पानाचा वास होता, आणि तो रुखसारच्या तोंडावरून, दारातून, गुरम्माच्या पांढऱ्या केसांवरून बाहेर जात राहिला, जात राहिला, संपेचना. अंगणात लिंबाची पानं हलली. भुजंगनं डोक्यावरची टोपी हातानं दाबून धरली, का ते त्याला कळलं नसावं.

गादीच्या काठावर काही नव्हतं. रुखसारनं तळवे उचलले. उरलेला 'दम' वाजवायचा होता, आणि सूर आपले आपण जागेवर पडत गेले. तिला मास्तरांचे आभार मानायचे होते, पहिल्या बोटाबद्दल, चुलत्यांना गप्प केल्याबद्दल, आणि आज इथं बसू दिल्याबद्दल. तेवढे शब्द तिच्याकडं नव्हते. म्हणून तिनं शेवटची ओळ एकदा जास्त वाजवली.

शेवटची तार विरायच्या आत गुरम्मा उंबरा ओलांडून आली. भिंतीला हात लावत गादीपर्यंत पोचली, बसली, डाव्या कुशीवर आडवी झाली. खांद्यावरचा पदर सारखा करून तिनं रुखसारला विचारलं, चहा तरी घेतलास का, आणि उत्तर मिळायच्या आत तिचा डोळा लागला. थोड्या वेळानं ती घोरू लागली, सर्दीनं नाक चोंदलेल्या म्हातारीचं साधं घोरणं, आत आणि बाहेर.

भुजंग दारात येऊन बघत राहिला. एवढा मोठा माणूस, त्याला आत यावं की नाही कळेना. बाहेरून गार वारं येत होतं. रुखसार हळूच म्हणाली, "भाऊ, अव्वाला थंडी लागेल."

त्यानं दार ओढून घेतलं.